भाऊंनी मोजलेले आठ

छातीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी भाऊंना बजावलं, "तीन किलोंच्या वर काहीही उचलायचं नाही." भाऊंनी लगेच विचारलं, "साडेनऊ किलो चालेल का?" डॉक्टरांना वाटलं, पेशंट थट्टेखोर दिसतोय. भाऊ थट्टा करत नव्हते. त्यांच्या आयुष्यात उचलण्यासारखी वस्तू एकच होती, तिचं वजन बरोबर साडेनऊ किलो होतं आणि ती घरी जिन्याखाली भिंतीला टेकून त्यांची वाट बघत होती.

ती वस्तू म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, लाकडी ट्रायपॉड. घरात सगळे त्याला 'घोडा' म्हणत. भाऊंच्या बायकोचं म्हणणं असं, की जगात माणसं घोड्यावर बसतात, आपल्याकडे घोडा माणसावर बसतो. ते खरंच होतं. सत्तावीस वर्षं, सुट्टीचा प्रत्येक दिवस, भाऊ तो घोडा खांद्यावर टाकून पुढे आणि ताई कॅमेऱ्याची पेटी घेऊन मागे, अशी वरात निघायची. बाकीचे सहा दिवस भाऊ पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पंप चालवायचे. पण गल्लीत कुणाला विचारा, भाऊ काय करतात? उत्तर यायचं, "ताईंचा स्टँड उचलतात."

ताईचं वेड साधंसुधं नव्हतं. कामाच्या जागी उभ्या असलेल्या माणसाचा, हातात त्याचं हत्यार घेऊन, एकच फोटो. कुलूपवाला, न्हावी, दोर वळणारा, चाकूला धार लावणारा. तोही खिशातल्या फोनवर नाही, तर भात्याच्या जुन्या कॅमेऱ्यावर, ज्यात पोस्टकार्डाएवढी एकेकच फिल्म घालायची, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि आतल्या काचेवर समोरचा माणूस उलटा लटकलेला बघत बसायचं. कामाच्या खोल्या अंधाऱ्या, त्यामुळे झडप सेकंद-दोन सेकंद उघडी ठेवावी लागायची. तेवढ्या वेळात कॅमेरा केसभर हलला की फिल्म वाया. म्हणून ट्रायपॉड भक्कम हवा आणि म्हणून भाऊ.

आता भाऊ बाद झाले होते. ताई सहासष्ट वर्षांची, चणीने लहान. तिने ठरवलं, हलका ट्रायपॉड घ्यायचा. हलका, पण घोड्यासारखा न हलणारा. "असा जगात मिळत नाही," भाऊ म्हणाले. "बघू तरी," ताई म्हणाली. आणि दोघं कॅमेऱ्याच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवू लागली.

दुकानदार भला माणूस होता, पण या दोघांनी त्याला जेरीस आणलं. ताई प्रत्येक ट्रायपॉड पूर्ण उंच करायला लावायची, कारण खोट असते ती ताणल्यावर दिसते. त्यावर ती आपला कॅमेरा मिटलेला बसवायची. मिटला की तो चौकोनी लाकडी डबाच. मग भाऊ पिशवीतून स्टीलची वाटी काढायचे, बाटलीतलं पाणी तिच्यात काठोकाठ भरायचे आणि ती वाटी कॅमेऱ्यावर ठेवायचे. ताई ट्रायपॉडच्या पायावर एक चापट मारायची, आणि पाणी शांत होईपर्यंत भाऊ मोजायचे. एक, दोन, तीन.

ही रीत त्या दोघांची, पुस्तकात कुठे सापडणार नाही. सुरुवातीच्या दिवसांत फिल्मा हलून वाया जाऊ लागल्या तेव्हा पंपघरातल्या माणसाच्या डोक्यातून ती निघाली. पाण्याला सगळं कळतं, असं भाऊंचं मत. पुढे प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक लाकडी माडीवर आधी वाटी आणि मग फोटो. मोजायचं काम भाऊंचंच, कारण ते ताडमाड उंच. ताईला खालून वाटीची फक्त कड दिसायची. भाऊ म्हणतील तो आकडा. घोड्यावर पाणी तीनला थांबायचं. तीन झाले की ताई न बोलता फिल्म घालायची.

दुकानातला पहिला ट्रायपॉड अकराला थांबला. "ही तर अळवाची पानं," भाऊ खूश होऊन म्हणाले. दुसऱ्याच्या पायांचे पाच-पाच तुकडे एकातून एक निघत, शेवटचा तुकडा पेन्सिलीएवढा बारीक. त्याचं पाणी नऊपर्यंत डुचमळत राहिलं. तिसऱ्याला मधोमध वर सरकणारा दांडा होता. "अहो, या दांड्याने उंची छान मिळते," दुकानदार म्हणाला. "मिळते ना," भाऊ म्हणाले, "तीन पाय असून शेवटी एका पायावर उभं राहायचं." ताईसुद्धा हसली. भाऊंना कितीतरी दिवसांनी आपण कामाचे आहोत असं वाटलं. घरी येऊन त्यांनी बायकोला प्रत्येक ट्रायपॉडची अशी काही नालस्ती ऐकवली, की ती म्हणाली, "तुम्ही मुलगी बघायला आला होतात तेव्हाही एवढ्या खोडी काढल्या नव्हत्या."

चौथ्या फेरीला दुकानदाराने आतून एक लांब पिशवी आणली. काळ्या कार्बनचा ट्रायपॉड. पायांचे तीनच तुकडे, नळ्या मनगटाएवढ्या जाड, मधला दांडा नाहीच. माथ्यावर कॅमेरा थेट बसायचा. सगळं मिळून वजन पावणेतीन किलो. ताईने तो एका हाताने छत्रीसारखा उचलला आणि दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून आली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"भाऊ, अरे, हा घेऊन तर मी एकटीसुद्धा जाईन!"

ती बोलून गेली, आणि भाऊंचा हात पिशवीतल्या वाटीवरच राहिला. पंपघर सुटून पाच वर्षं झाली होती. मुलं आपापल्या संसारात. उरला होता तो सुट्टीचा एक दिवस. तोही आता ही बाई छत्रीसारखा काखेत मारून घेऊन निघाली होती.

त्यांनी वाटी ठेवली. ताईने चापट मारली. पाण्यावर एक वर्तुळ उठलं, कडेला गेलं, परतलं आणि विरलं. तीन. अगदी घोड्यासारखं. वाटीत छताचा दिवा स्वच्छ दिसू लागला, आणि भाऊ मोजतच राहिले. "चार... पाच... सहा... सात... आठ."

"आठ?" ताई म्हणाली.

"आठ," भाऊ म्हणाले. "हलका आहे ना. दिसायला ठीक आहे."

ताईने ट्रायपॉड हळूच खाली ठेवला. तिने पुन्हा मोजायला सांगितलं नाही. सत्तावीस वर्षांत तिने कधीच सांगितलं नव्हतं.

माणूस असा असतो, काय करणार. भाऊ काही दुष्ट नव्हते. उभ्या जन्मात त्यांनी कुणाचं वाईट केलं नव्हतं. घरी जाताना वाटेत त्यांनी स्वतःला समजावलं, की ताई एकटी कुठे पडली-झडली तर? त्यापेक्षा हे बरं. पण त्या दिवशी ते ताटावरून अर्ध्यातच उठले.

त्यांना वाटलं होतं, ताई आणखी दुकानं हिंडेल आणि आपणही हिंडू. ताईने दुकानंच सोडली. ती माडीवरच्या आपल्या खोलीतून खाली येईना. गावात एक म्हातारा कातारी होता, चरकावर लाकूड फिरवून पलंगाचे खूर, लाटणी, खेळण्यांची चाकं बनवणारा. महिनाअखेर तो काम बंद करणार होता. ताईने त्याला वर्षभर आधी शब्द दिला होता. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. भाऊंनी एकदा भीतभीत विचारलं, "कातारीचं काय?" ताई म्हणाली, "निरोप पाठवते, जमत नाही म्हणून. कॅमेराही कुणाला तरी देऊन टाकते. उगाच धूळ खात पडायचा."

दोन दिवसांनी दुपारी भाऊ आडवे झाले होते. जिन्यात ठक असा आवाज आला. मग काही नाही. मग पुन्हा ठक. ते उठून बाहेर आले. जिन्याखालचा घोडा जागेवर नव्हता. सातव्या पायरीवर ताई उभी होती, घोड्याला दोन्ही हातांनी कवटाळून, तोंड उघडं टाकून श्वास घेत. कपाळावर केस चिकटलेले. ती कातारीच्या तीन मजल्यांचा सराव करत होती.

"नुसतं बघतेय, किती जमतं ते," ती म्हणाली. लहानपणी काही फोडलं की हिचा असाच आवाज निघायचा.

भाऊंनी कठडा धरला. "ताई, तीन."

"काय तीन?"

"दुकानात. पाणी तीनला थांबलं होतं. मी आठ म्हणालो."

ताईला कळायला वेळ लागला. मग ती घोड्यासकट पायरीवर बसली. ओरडली असती तर भाऊंना सोसलं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "तुझ्या आकड्यावर मी सत्तावीस वर्षं फिल्म घातली, भाऊ. एकदाही वाकून बघितलं नाही."

भाऊंच्या बायकोने येऊन घोड्याचं दुसरं टोक धरलं आणि नणंद-भावजयींनी तो खाली आणला. भाऊ हात लोंबकळत ठेवून उभे.

तीन दिवस ताईने अबोला धरला. चौथ्या दिवशी सकाळी ती खाली आली, पिशवीत वाटी टाकली आणि म्हणाली, "चल." दुकानात तिने दुकानदाराकडे स्टूल मागितलं. भाऊंनी वाटी ठेवली, चापटही त्यांनीच मारली, आणि ताई स्टुलावर चढून, चष्मा पुसून, स्वतः मोजू लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते पाणी बघितलं. "एक, दोन, तीन," ती म्हणाली. जरा वेळ तशीच बघत राहिली. मग खाली उतरून दुकानदाराला म्हणाली, "बांधा."

कातारीकडे ती एकटी गेली. भाऊंना ये म्हणाली नाही, आणि तेही कोणत्या तोंडाने येतो म्हणणार? त्या दिवशी त्यांनी घरातलं वर्तमानपत्र चारदा वाचलं. बायकोने दिलेला चहा टेबलावर निवला. "अहो, येतील त्या," ती म्हणाली. "येईल गं," भाऊ म्हणाले, "मला माहीत आहे." त्यांना काळजी ताईची नव्हती. आपल्यावाचून तिचं सगळं नीट होईल याची होती, आणि हे कळून त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

सगळं नीट झालं. फिल्म काचेसारखी स्वच्छ आली. चरकावरून उडून पडलेली लाकडाची कपचीन् कपची मोजून घ्यावी. भाऊंनी ती खिडकीशी धरून बघितली आणि म्हणाले, "झकास." मनापासून म्हणाले. मग आत जाऊन पडून राहिले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मागच्या अंगणातून ताईने हाक मारली. भाऊ बाहेर गेले तर नवा ट्रायपॉड मांडलेला, वर कॅमेरा उघडलेला आणि समोर भिंतीपाशी घोडा तिन्ही पाय पसरून उभा. वर कॅमेरा नाही, काही नाही. इतक्या वर्षांत भाऊंनी त्याला असा रिकामा उभा बघितला नव्हता.

"त्याच्यापाशी उभा राहा," ताई म्हणाली. "हात ठेव त्याच्यावर. उचलायचा नाही हं."

"कशाला?"

"अरे, सगळ्या गावाचा फोटो काढला मी, हत्यारासकट. तुझा कसा काढणार होते? तुझं हत्यार कायम माझ्या कॅमेऱ्याखाली! ते सुटायला दुसरा ट्रायपॉड नको?" ती काळ्या कापडाखाली गेली. आतून तिचा आवाज आला, "हा मिळाला की पहिला फोटो तुझाच काढायचा, हे त्या दुकानात मनात होतं माझ्या. तेवढ्यात तू आठ म्हणालास."

भाऊंनी घोड्यावर हात ठेवला. खांद्याने घासून घासून लाकूड एका जागी गुळगुळीत झालं होतं, तिथेच तो पडला. ताई कापडाबाहेर आली, फिल्म घातली. "एक सेकंद. हलू नकोस," ती म्हणाली. हे वाक्य ताईने शेकडो माणसांना सांगितलेलं भाऊंनी ऐकलं होतं. त्यांना नेहमी वाटायचं, त्यात काय एवढं अवघड? झडप उघडली आणि मिटली.

दुपारी ताईने वरच्या मोरीत अंधार करून फिल्म धुतली. भाऊ दाराबाहेर उभे. ती बाहेर आली, दोघं खिडकीशी गेली. घोडा जसाच्या तसा आला होता, लाकडाची रेषान् रेषा, पितळी स्क्रूवरचे चरे. भाऊंचा हातही ठसठशीत. वर मात्र चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर डाग.

"हललो गं मी," भाऊ म्हणाले. "फिल्म वाया गेली. दुसरी काढ."

ताईने फिल्म उजेडात बराच वेळ धरली.

"आठ म्हणालास, तेव्हा चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती तुझी," ती म्हणाली. "मला हाच हवा."

आणि तिने ती फिल्म चिमट्याला लावून, कातारीच्या फिल्मशेजारी, वाळत घातली.