छत्रीच्या पेटीत न पडलेलं मत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, लेकीला नाही. देवाला सांगताना अर्धंच सांगितलं — म्हटलं, उरलेलं त्याला माहीत असेलच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही त्या वेळी पनवेलात नव्हता, एवढ्याच भरवशावर.

गोष्ट आमच्या पाच नंबर वॉर्डाची आहे. तो आता शोधायला जाऊ नका, सापडायचा नाही. नगरपालिकेने हद्दी बदलल्या तेव्हा त्याचा एक तुकडा बाजाराकडे गेला आणि दुसरा एसटी स्टँडकडे. पण होता तेव्हा त्याचा तोरा काय सांगू! चार गल्ल्या, दोन विहिरी, एक मारुती, आणि प्रत्येक ओटीवर एक तरी माणूस स्वतःला नगरसेवक समजणारा. स्वातंत्र्याच्या आधी घरपट्टी भरणाऱ्यांनाच मत होतं, त्या निवडणुकीत माझे सासरे उभे राहिले आणि पडले. पुढच्या खेपेला रावजीशेठ बिनविरोध आले, कारण दुसरा उमेदवार अर्ज भरायला निघाला आणि वाटेत त्याला सासुरवाडीचे पाहुणे भेटले. पाहुणे चार दिवस राहिले, तोवर मुदत संपली. आणि तिसरी निवडणूक आमची — म्हणजे आमच्या ह्यांची. बायकांनाही सरसकट मत मिळालं होतं. मी पहिल्यांदाच मत देणार होते.

आमचा बैलगाड्यांच्या चाकांचा कारखाना होता. पनवेलची चाकं तेव्हा घाटावर जायची. ह्यांना सगळा गाव अप्पा म्हणायचा. हात सोन्याचा, जीभ मात्र लगाम नसलेली. अप्पांना निशाणी हवी होती चाक. मिळाली छत्री. झालं — ऐन थंडीत, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि हे उघडी छत्री डोक्यावर धरून गल्लीगल्लीतून हिंडताहेत, मागून कुत्री भुंकताहेत. समोर उभे होते तेच रावजीशेठ, मिठागरांचे मालक. त्यांची निशाणी कंदील. ते कुठेच हिंडले नाहीत. दारात कंदील टांगला आणि खाली आरामखुर्ची टाकून बसले.

ह्यांच्याबरोबर सावलीसारखे असायचे सदूभाऊ. समोरच्याच घरात राहणारे, डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. दिवसभर पावडरी कुटून त्यांच्या पुड्या बांधायच्या, आणि संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन ह्यांच्याशी सोंगट्या खेळायच्या. बारा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. ह्यांच्या अर्जावर अनुमोदक म्हणून सही त्यांचीच. डाव संपला की मी विड्यांचं तबक बाहेर नेत असे. माझ्या विड्याला लवंग लागत नाही. माझी आई हाताची घट्ट, ती म्हणायची, लवंग कशाला वाया घालवायची — म्हणून टोक दोनदा मुडपून डावीकडून आत खोचायचं, ही आमची माहेरची रीत. सदूभाऊ प्रत्येक वेळी विडा उलटापालटा करून बघायचे आणि म्हणायचे, ‘‘वहिनी, ही घडी मला पुड्यांना जमली तर डॉक्टर पगार वाढवतील.’’ मला बरं वाटायचं. घरात बाकी कोण माझ्या कशाकडे उलटंपालटं करून बघत होतं?

आता मूळ गोष्टीकडे येते. येतेच आहे. थोडा दम घेऊ द्या.

तो महिना कसा गेला ते बाईमाणसाला विचारा. सकाळपासून ओटीवर मतदार. जो यायचा तो आधी चहा प्यायचा, मग विडा खायचा, मग ‘अप्पा, तुम्ही येणारच’ म्हणायचा आणि उठून कंदिलाखाली जाऊन बसायचा. मी दिवसाला दोन-दोनशे विडे लावत होते. बोटं कातानं अशी रंगली होती की देवाला हळद वाहिली तरी ती लाल दिसायची. मिठागरावर काम करणारी पारूबाय आमच्याच वॉर्डाच्या टोकाला राहायची. ती एकदा स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘वयनी, आमी दोगांचाबी चा पिलाय. आता मत येकच हाय. कसं वाटू, तुमीच सांगा.’’ मी काय सांगणार? मी तिला तिसरा कप दिला.

आणि अप्पा घरातसुद्धा भाषणाच्या सुरात बोलायला लागले होते. मीठ कमी पडलं तर ‘‘या घराच्या कारभारात मूलभूत सुधारणा हवी.’’ गावभर गटारांची आश्वासनं, आणि आमच्या मोरीचं पाणी आठ दिवस तुंबलेलं. हे सगळं मी सोसलं. चिडले असेन, पण सोसलं. मग मी तसं का केलं?

मतदानाच्या दिवशी सकाळी अप्पा आणि सदूभाऊ मतदारयादी घेऊन बसले होते. कोण आपलं, कोण त्यांचं, खुणा चालल्या होत्या. मी चहा ठेवला. सदूभाऊ हसत म्हणाले, ‘‘वहिनींना विचारलंस का रे?’’ आणि हे मान वर न करता म्हणाले, ‘‘तिला काय विचारायचं? तिचं मत म्हणजे माझंच मत.’’

एवढंच. यात काय वाईट बोलले? काही नाही. त्या काळी सगळ्याच नवऱ्यांचं तेच म्हणणं होतं. पण मला ते लागलं — असं लागलं की चहाचा रिकामा कप विसळताना माझ्या हातून फुटला.

मतदान शाळेत होतं. तेव्हा आतासारखा शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर निशाणी चिकटवलेली, आणि हातातला कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. पेट्या पडद्याआड. माझ्या आधी पारूबाय आत गेली होती. तिने दोन्ही पेट्यांना हळदकुंकू वाहिलं होतं, म्हणजे तिचा प्रश्न सुटला असावा. मी आत गेले. पडदा मागे पडला.

आणि काय सांगू तुम्हाला — मी एकटी होते! आमच्या घरात नऊ माणसं. लग्न झाल्यापासून मी एकटी अशी कुठे नव्हतेच, मोरीत आंघोळीला गेले तरी कुणी ना कुणी बाहेरून हाक मारायचं. इथे कुणी नाही. एका बाजूला छत्री, एका बाजूला कंदील, आणि मधे मी. हातातल्या कागदाची सवयीनं घडी झाली. बोटांना दुसरं काही येतच नव्हतं त्या महिन्यात. टोक दोनदा मुडपलं, डावीकडून आत खोचलं, आणि म्हटलं, बघू तरी माझं मत कुणाचं आहे.

टाकलं कंदिलात.

घडी जाड झाली होती, फटीत अडकली. म्हणजे बघा, विचार बदलायला वेळ मिळाला होता. बाहेर ओढून घेता आली असती. मी बोटाने आत ढकलली. मनात म्हटलं, हे तर शंभर मतांनी येणार, एका मतानं काय होतंय? बाहेर आले तेव्हा इतकी हलकी झाले होते की घरी जाऊन मी आपणहून मोरी साफ केली.

अप्पा एका मतानं पडले.

मोजणीला आत बसायचा ह्यांना धीर नव्हता, म्हणून सदूभाऊ आत आणि हे बाहेर पायरीवर छत्री धरून. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा एकच मत कमी. सदूभाऊ बाहेर आले ते खाली मान घालून. ह्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ते न पाहणं अप्पांनी बरोबर टिपलं.

मग तीन दिवस आमचा कारखाना बंद आणि यादीवर पेन्सिल चालू. नक्की आपली म्हणून जेवढी मतं धरली होती, त्यातलं एक फुटलं, असा ह्यांचा हिशेब. हिशेब अगदी बरोबर होता, हो! एकेक नाव घ्यायचं, उलटसुलट तपासायचं आणि फुटलं नाही अशी खात्री पटली की रेघ मारायची. न्हाव्याला बोलावून मारुतीची शपथ घ्यायला लावली. सुताराला दोनदा घ्यायला लावली. मला कुणी शपथ घे म्हटलं नाही. मी आत विडे लावत बसले होते — सवय, दुसरं काय.

चौथ्या संध्याकाळी सदूभाऊ नेहमीसारखे सोंगट्या खेळायला आले. यादीत एकच नाव रेघेवाचून उरलं होतं. अप्पांनी यादी त्यांच्यासमोर सरकवली आणि विचारलं, ‘‘सदू, बाहेर आलास तेव्हा माझ्याकडे बघितलं का नाहीस?’’

मी तबक घेऊन दारात उभी होते. सदूभाऊंनी यादी पाहिली. मग हात लांब करून तबकातला एक विडा उचलला, नेहमीसारखा उलटापालटा करून पाहिला — आणि परत ठेवला. बारा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, ‘‘अप्पा, तुला वाटतं तसं समज.’’ पायांत वहाणा सरकवल्या आणि समोरच्या घरात गेले.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, चार शब्दांचं. मी तबक आत नेलं. का? अप्पा मारतील अशी भीती नव्हती, तो माणूस तसा नव्हताच. मला माझी जागा जाईल याची भीती वाटली. सदूभाऊंची गेली ती मात्र मी दारात उभी राहून बघितली.

पुढची अकरा वर्षं समोरासमोरच्या दोन ओट्यांवर दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली. अप्पांनी डॉक्टर बदलला. नव्याच्या औषधाने ताप जायचा पण अंगावर पित्त उठायचं, तरी हे खाजवत म्हणायचे, फितुराच्या हातची पुडी नको. सोंगट्या एकटेच मांडायचे, उजव्या हाताने खेळायचे, डाव्याने खेळायचे, आणि हरले की डाव्या हातावर लबाडीचा आळ घ्यायचे. मी हसायची. आत जाऊन रडायचीसुद्धा, पण आधी हसायची, खोटं कशाला बोलू? मधे आणखी एकदा ते उभे राहिले आणि चांगले दणकून आपटले. त्या दिवशी मोठ्या खुशीत जेवले. म्हणाले, ‘‘या वेळी कुणी एकानं नाही पाडलं.’’ मग वॉर्डाचे तुकडे झाले. वॉर्ड गेला, तरी ओट्या पाठमोऱ्याच राहिल्या.

अप्पा गेले त्याच्या तेराव्याला सदूभाऊ आले. अकरा वर्षांनी आमची पायरी चढले. पानात वाढलेलं गोड कसंबसं जेवले. मी सगळ्यांना विडे देत होते, त्यांच्याही हातावर ठेवला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, ‘‘अजून तश्शीच खोचता वहिनी. मोजणीला रावजीशेठच्या पेटीतून असाच एक कागद निघाला होता. साहेब हसला, म्हणाला, कुणीतरी विडा ठेवलाय.’’

मी तबक खाली ठेवून विचारलं, ‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘अप्पाला दुसरा मित्र मिळाला असता. दुसरी बायको त्या वयात कोण देणार होतं?’’

असं म्हणून त्यांनी विडा तोंडात टाकला.

दुसरा मित्र काही ह्यांना मिळाला नव्हता. त्यांनी तो शोधलाही नव्हता. सदूभाऊंनाही कुणी मिळाला नाही. आता तेही नाहीत. मी त्यांच्या मुलांना सांगू शकले असते की तुमचे वडील फितूर नव्हते. नाही सांगितलं. अजूनही गल्लीत कुणी जुनं माणूस ती निवडणूक काढतं, सदूभाऊंचं नाव घेतं, आणि मी चहा ठेवायला आत जाते.

ती यादी माझ्या ट्रंकेत आहे. कागद पिवळा पडलाय, पेन्सिल अजून दिसते. नावांवरच्या रेघा सगळ्या वाकड्यातिकड्या, रागारागात ओढलेल्या. एकच रेघ सरळ आहे, कारखान्यातली पट्टी लावून नीट मारलेली. ती माझ्या नावावरची. त्यांनी सगळ्यांत आधी मारली होती ती.