बाकाची उंची

जगात चुकीची माणसं नसतातच, चुकीच्या वस्तू असतात, असं छातीठोकपणे मानणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि तो आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. मुलांनो, तुम्हाला ते आठवत असतील. मागच्या सुट्टीत तुम्ही पातेल्यातून दूध ओतायला गेलात, अर्धं ओट्यावर सांडलं, आणि मी ओरडणार एवढ्यात वर्तमानपत्र परत द्यायला आलेले हे काका मध्ये पडले. "वहिनी, पोरांना बोलू नका. ह्या काठाला चोचच नाही. दूध बिचारं जाणार कुठून?" पातेलं माझ्या लग्नातलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःलाच वेंधळी समजत होते!

त्यांच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण मोजायची टेप असते. लोक जिन्यात ठेचकाळले की ते पायरी मोजतात. बँकेचं दार मी ढकलायचं सोडून ओढत बसले, तर मला सोडून ते दारावरच रागावले, "अशी मूठ लावली तर माणूस ओढणारच!" काही टाकून देणं त्यांना जमत नाही. आमच्या मिक्सरचं फुटकं भांडं त्यांच्या खिडकीत पुदिना सांभाळतं आणि मोडक्या छत्रीच्या काड्यांवर कारली चढतात. त्यांच्या घरी गेलेली वस्तू मरत नाही, फक्त नोकरी बदलते.

स्वतः काका निवृत्त ड्राफ्ट्समन. नवीन पनवेलमधल्या आमच्या भागातले रस्ते तरुणपणी त्यांनीच कागदावर आखले. याचा त्यांना फार अभिमान होता, काकूंचे गुडघे दुखायला लागेपर्यंत. आमच्या फाटकापासून भाजीबाजारापर्यंत सरळसोट रस्ता आहे, पण मध्ये क्षणभर टेकायला जागा नाही. काकूंनी बाजाराला जाणं सोडलं आणि भाजी काका आणू लागले. ते गवारीची लांबी बघून घेत, कोवळी आहे की जून ते नाही. काकू जून शेंगा बाजूला काढत. मग खिडकीशी जाऊन बसत. चार माणसांत भाजी निवडणं, घासाघीस करणं, एवढंच तर त्यांचं बाहेरचं जग होतं.

एकदा काका मला म्हणाले, "नकाशावर हा रस्ता माझ्या तळहाताएवढा होता. कागदावर कुणाला दम लागत नाही, वहिनी." दुसऱ्याची कुठलीही चूक वस्तूवर ढकलणाऱ्या या माणसाला स्वतःची चूक कुठे ढकलावी ते सापडत नव्हतं.

मग वाटेत एक बाक बसवावा म्हणून त्यांनी अर्ज केले. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्यांनी टाकून दिलेलं सागवानी दार काकांनी ताब्यात घेतलं, आणि वाटेत मध्यावर असलेल्या औषधवाल्याकडून त्याच्या दुकानासमोर बाक ठेवायची परवानगी मिळवली. आता प्रश्न उंचीचा. काकांनी इमारतीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून गुडघ्यापासून जमिनीपर्यंत मापं घेतली. माझंही घेतलं. विचुंब्याहून भाजी घेऊन येणारी मावशी तेवढी सुटली. "माजं नको मोजू काका, आमी जमिनीवरच बसतो. यो बाक बसाला हाय का बगाला?"

महिनाभर तासकाम आणि पॉलिश झाल्यावर बाक जागेवर गेला. काकांचा हात धरून काकू कितीतरी महिन्यांनी फाटकाबाहेर पडल्या. आम्ही सगळे मागून. काकू बाकावर बसल्या, आणि त्यांचे पाय शाळेतल्या पोरीसारखे हवेत लोंबकळू लागले. कुणाला हसावं की नाही ते कळेना. काकूंनी पायांकडे पाहिलं, मग काकांकडे.

"अहो, अख्ख्या बिल्डिंगचे गुडघे मोजलेत. माझे राहिले."

काकांचा चेहरा पडला. मग त्यांनी खिशातून टेप काढली आणि भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या देखत, काकूंच्या पायाशी बसले. काकूंनी तोंडावर पदर घेतला, पण हसू काही लपलं नाही. "लोक बघतायत, उठा!" "बघू देत. हलू नकोस, माप चुकेल."

त्याच संध्याकाळी बाकाचे चारही पाय कापले गेले. आता मी त्यावर बसले की माझे गुडघे पार हनुवटीशी येतात आणि उठताना औषधवाल्याला हाक मारावी लागते. चूक माझी नाही, बाकाची आहे, हे मला काकांनीच शिकवलंय. पण रोज सकाळी काकू तिथे पाय जमिनीला नीट टेकवून बसतात, पिशवीतली गवार मोडून बघतात, आणि काका शेजारी टेप मिटून उभे असतात. पुढच्या खेपेला याल तेव्हा तुमचे लांब पाय कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा. काकांना मात्र काही बोलू नका.