पंपावरची मोजणी आणि माझी चूल

बसा, चहा घ्या आधी. हसायचं ते नंतर हसा, आणि हसणार तुम्ही, मला ठाऊक आहे. दुसऱ्याने फजिती केली तर माणूस त्याच्या नावाने बोटं तरी मोडतो. मी कुणाच्या नावाने मोडू? माझी फजिती मीच केली, स्वतःच्या तोंडाने केली, आणि वर छाती पुढे काढून केली!

सन ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आडगाव सोडून ओझरकडे निघालं की आग्रा रोडला एक पेट्रोल पंप होता. पंपाचे मालक बाबूशेट. पंपाच्या कुंपणाबाहेर, कोपऱ्यावर माझी चहाची टपरी. चार बांबू, वर पत्रा, एक बाकडं आणि मातीची चूल. पंपाशेजारी चूल कशी चालायची, असलं काही विचारू नका. तेव्हा सगळं चालायचं.

माझा नवरा गेल्यापासून त्या टपरीवरच घर चालायचं. त्याआधी माझी टपरी नाक्यावर होती. ती अतिक्रमणवाल्यांनी उचलली, उकळत्या पातेल्यासकट! तेव्हापासून मला दोन गोष्टींची धास्ती. एक साप, आणि दुसरा कागद घेऊन उभा राहिलेला माणूस.

आणि एक दिवस तसाच माणूस आला की!

पोरगेला, चष्मेवाला, अंगात धुतलेला सदरा. समोर रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसला. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला कागद. गाडी थांबली की मारली रेघ. पुन्हा गाडी, पुन्हा रेघ. तोंड आमच्याच बाजूला.

चहा घेऊन मी गेले त्याच्याकडे. गोड बोलून काढून घ्यावं म्हटलं.

“काय बाबा, उन्हात बसलात? कशाची रेघ मारताय?”

“मोजणी आहे, मावशी.”

“कसली?”

“ते नाही सांगता येत. वरून मनाई आहे.”

“आमच्या एकट्याच्याच नशिबी आली का?”

“छे, सगळ्या राज्यात चालू आहे. नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत.”

अरे देवा! सगळ्या राज्यातल्या टपऱ्या?

“आणि मोजून झाल्यावर?”

“जिथे गर्दी जास्त दिसेल, तिथलं वर ठरवतील काय करायचं ते.”

आता सांगा, यातलं एक तरी अक्षर त्याने खोटं सांगितलं का? नाही. आणि एक तरी अक्षर मला खरं कळलं का? तेही नाही! तो बिचारा डिझेल कंपनीचा. कुठल्या पंपावर किती गाड्या येतात, किती माल खपतो, याचा माग काढत राज्यभर माणसं बसवली होती. शेटला कळलं तर शेट सावध होईल, म्हणून सांगायची बंदी. आणि मला वाटलं, झालं, अतिक्रमण! जास्त गर्दी दिसली की टपरी गेली!

मी म्हटलं, बरं. गर्दीच दिसली नाही तर?

तेवढ्यात सटाण्याचा पोपटआप्पा आला, कांद्याचा ट्रक घेऊन. टपरीसमोर गाडी लावायला लागला, तशी मी पदर खोचून आडवी.

“आप्पा, इथं नाही! पंपात घाल गाडी.”

“कसाले व मावशी? माले डिझेल भरनं नही.”

“भरू नको. मशीनच्या मागं हवा भरायची जागा आहे ना, तिथं उभा राहा. चहा मी घेऊन येते.”

“काय व्हयनं तुले? सकाळलेच उन लागनं का?”

“आप्पा, टपरी वाचवायची असेल तर मुकाट्यानं जा!”

गेला बिचारा. मग काय, जो येईल त्याला हाच हुकूम. सिन्नरचे ट्रॅक्टर, मालेगावच्या गाड्या, मुंबईकडे जाणारे टेम्पो, सगळे पंपात! विमानाच्या कारखान्यातले लोक स्कूटरवर यायचे, त्यांनाही मी आत हाकललं. आणि चहा कसा न्यायचा? बादलीत ग्लास, वर ओलं धुणं. धुणं वाळत घालायला निघाल्यासारखी मी रस्त्याने झुलत जायचे आणि पंपामागे जाऊन चहा वाटायचे. बाबूशेट लासलगावला मेहुण्याच्या लग्नात. पंपावरच्या माणसांना फुकट चहा, त्यांचं तोंड गोड.

इकडे माझी टपरी ओसाड. बाकड्यावर एक कुत्रं झोपलेलं. मी मुद्दाम माश्या मारत बसले, चष्मेवाल्याला दिसेल अशी. तो काही बघेना. नुसता पंपाकडे बघून रेघा, रेघा, रेघा! मनगट दुखायला लागलं, तसा मधेच हात झटकायचा. मला वाटलं, जिरवली! मोज म्हटलं, पंपाच्या गाड्या किती मोजायच्या तेवढ्या मोज!

आठवडाभर बसला आणि गेला. मी चुलीला हळदकुंकू वाहिलं.

पुढे महिनाभराने पंपावर एक जीप येऊन उभी राहिली. तिच्यातून मोठे साहेब उतरले, पोट सावरत, आणि मागून आपला चष्मेवाला. मला धडकी भरली. पण ते टपरीकडे आलेच नाहीत. सरळ शेटच्या खोलीत! खोलीची खिडकी माझ्या बाजूला. आता मी काय कान बंद करून घेऊ?

साहेब म्हणत होते, “शेट, तुम्ही आमच्याकडून डिझेल घेता बेताचं. आणि तुमच्याकडे गाड्या येतात तेवढ्या सगळ्या राज्यात कुठं येत नाहीत! मग एवढ्या गाड्यांना पुरवायला डिझेल आणता कुठून?”

“कुठल्या गाड्या साहेब?” शेटचा आवाज चिरका झाला.

“आमचा माणूस समोर बसून मोजून गेलाय. बाहेरून भेसळीचा माल आणता ना? सरळ सांगा. नाहीतर आजच पंपाला सील.”

तुम्हाला सांगते, माझ्या हातातली पळी तशीच राहिली. सगळा उलगडा झाला, एका दमात! तो टपऱ्या मोजायला आला नव्हता, पंपाच्या गाड्या मोजायला आला होता. आणि गाड्या पंपात कुणी घातल्या? मी! आता गप्प बसावं तर पंप बंद, आणि पंप बंद झाला तर माझ्या टपरीवर थांबतंय कोण? बोलावं तर शेट म्हणणार, बाई, माझा पंप बुडवायला निघाली होतीस, उचल तुझी चूल! दोन्ही बाजूंनी टपरी जातच होती. म्हटलं, जायचीच आहे ना, मग मी बोलून घालवीन!

गेले आत, पदर खोचून.

“साहेब, शेटला काही बोलू नका. त्या गाड्या त्यांच्या नव्हत्याच. माझ्या होत्या.”

साहेबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. “तुमच्या? ट्रकचा धंदा आहे का तुमचा?”

“चहाचा. ह्या बाबाला मी अतिक्रमणवाला समजले. गर्दी लपवायची म्हणून गाड्या पंपात घातल्या. चहा प्यायल्या आणि गेल्या. डिझेलचा थेंब नाही घेतला कुणी.”

चष्मेवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “म्हणजे मी आठवडाभर चहा मोजला?”

साहेब मात्र हसले. मोठ्याने, खुर्ची हलेपर्यंत. “शेट, साक्षीदार चांगला आणलात! अहो बाई, नुसत्या चहासाठी एवढ्या गाड्या? टपरीतल्या चहासाठी?”

आता बघा, तिथे मी तोंड मिटलं असतं तर? शेटने गोड बोलून, हातापाया पडून काहीतरी मार्ग काढला असता. पण ते ‘टपरीतल्या चहासाठी’ माझ्या वर्मी लागलं. नवरा गेला तेव्हा मी कुणापुढे हात पसरला नाही, त्या चहावर दोन पोरी उजवल्या. आणि हा जीपमधून येऊन हसतो!

“उठा,” मी म्हटलं.

“काय?”

“उठा साहेब. बाहेर चला आणि बाकड्यावर बसा. आज मी कुणाला आत पाठवत नाही. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा. बाबा, काढ तुझा पुठ्ठा!”

शेट मागून कुजबुजत होता, “अगं मावशी, राहू दे, राहू दे.” राहू दे कशाला? मी आलं ठेचलं, गवती चहा टाकला, पातेलं चढवलं. आणि काय सांगू, त्या दिवशी रस्त्याला पूर आला! ट्रकमागे ट्रक, टपरीसमोर रांग. पंपाकडे एकाने मान वळवली असेल तर शपथ. पोपटआप्पाही आला, लांबूनच ओरडत, “मावशी, आज बाहेर थांबानी परवानगी शे ना?”

साहेब बघत राहिले. एक चहा प्यायले. गुपचूप दुसरा मागितला. मग शेटच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “शेट, तुमच्यावर काही नाही. बाई खरं बोलतेय.”

शेटने मला हात जोडले. माझी मान अशी ताठ झाली! मी म्हटलं, “बघितलं ना साहेब? मी बसते तिथं गाडी थांबते. लोक थांबतात ते इथं!”

“खरं आहे,” साहेब म्हणाले. उठले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि बुटाच्या टाचेने मातीत रेघ ओढली. “शेट, आपली मशिनं उगाच आत लपलीत. डिझेलचं नवं मशीन इथं बसवा. गाड्या थांबतात तिथं.”

“इथं म्हणजे कुठं साहेब?”

“ही चूल आहे ना? बरोबर इथं.”

मशीन बसलं. शेट बिचारा खाली मान घालून म्हणाला, “मावशी, वरचा हुकूम आहे.” मी म्हटलं, “बसवा, बसवा. तुमच्या मशीनचा चहा कोण पितो बघते!” आणि चूल उचलून रस्त्याच्या पलीकडे गेले. रडले? हॅट! रडायला वेळ कुणाला होता? दुसऱ्या दिवशी सगळे ट्रक पलीकडे. नवं मशीन रंग लावून एकटंच उभं.

इथवर ऐकून माझी नात म्हणते, आजी, यात तू जिंकलीस की. थांब गं, पुढचं ऐक.

दोनेक वर्षांनी चष्मेवाला पुन्हा आला. पुन्हा मोजणी. मोरीवर बसला आणि दिवसभर पंपाकडे बघत राहिला. रेघ मारायला गाडीच नाही. शेवटी कंटाळून माझ्याकडे आला. आता आमची ओळख जुनी.

“मावशी, पंपावर तर कुत्रं नाही. सगळ्या गाड्या ह्या बाजूला कशा?”

तुम्ही काय सांगितलं असतं? वळण आहे म्हणा, सावली आहे म्हणा, देवाची कृपा म्हणा. कुठल्याही शहाण्या बाईने काहीतरी थाप मारली असती. मी? मी ग्लास त्याच्या हातात दिला, कमरेवर हात ठेवले आणि म्हटलं,

“कशा म्हणजे? मी बसते तिथंच थांबतात गाड्या! लिही. लिही ना, घाबरतोस काय? जागेसकट लिही!”

त्याने लिहिलं.

आजही त्या रस्त्याने गेलात तर समोरासमोर दोन पंप दिसतील. लोक म्हणतात, एवढ्याशा अंतरात दोन पंप टाकायला कंपनीला वेड लागलं होतं का? वेड कंपनीला नव्हतं लागलं. दोन्हींची मशिनं माझ्या चुलीच्या जागेवर उभी आहेत, आणि दोन्ही जागा मीच बोट ठेवून दाखवल्या.