फौजदाराच्या दोन कोऱ्या ओळी

जॅझ बँडमधले सगळे आपल्या संगीतकाराला पाठीमागे फौजदार म्हणत. समोर अर्थात साहेब. टायरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत तालीम चाले. खालून रबराचा वास आणि हवा भरायच्या पंपाची धडधड वर यायची, आणि ड्रमवाला शपथेवर सांगायचा की आपली लय बिघडते ती या पंपामुळेच. फौजदार कायम भिंतीला पाठ लावून उभा राही. आपल्या मागे कुणी आहे असं वाटलं, तर वादकांना खूण करायला त्याचा हातच उठत नसे.

हा संशय त्याच्यात उगाच शिरला नव्हता. तरुणपणी तो दुसऱ्याच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. त्याने रचलेली पहिली धून रेडिओवर लागली, तेव्हा घरचे सगळे कान टवकारून बसले होते. निवेदकाने नाव घेतलं ते बँडच्या मालकाचं. आई भाबडेपणाने म्हणाली, "मग तू यात काय केलंस रे?"

स्वतःचा बँड काढल्यावर त्याने कुणालाच वाव ठेवला नाही. जॅझमध्ये एकट्याने वाजवायची वेळ आली की वादकाला त्या क्षणी सुचेल ते वाजवायची मुभा असते. सगळी गंमत त्यातच. फौजदार मात्र त्या जागाही सुरासकट लिहून द्यायचा. तालीम संपली की प्रत्येकाकडून कागद परत घेऊन पेटीत टाकायचा आणि किल्ली खिशात.

एका मोठ्या वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणाऱ्या बाई होत्या. कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. त्यांनी वर्षानुवर्षं त्याच्याबद्दल एकच लिहिलं, फक्त शब्द बदलून: बँड तयारीचा आहे, रचना बांधीव आहेत, पण कुणी श्वास घेताना ऐकू येत नाही. इतरांनी त्याला डोक्यावर घेतलं, बक्षिसं दिली, तरी फौजदार सकाळी आधी बाईंचंच वाचायचा आणि चहा थंड करायचा.

ट्रम्पेट वाजवायला त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. हसतमुख, जरा आळशी, पण ओठ असे तयार की तोंडाला वाद्य लावलं की समोरच्याने बोलणं थांबवावं. एका नव्या तबकडीचं ध्वनिमुद्रण सुरू असताना, संथ रचनेच्या मधोमध, धाकट्याने कागदावरचं सोडून दिलं आणि वेगळंच काहीतरी वाजवलं. दबकं, अडखळत, मध्येच थांबणारं. फौजदाराचा संताप झाला. पण स्टुडिओची वेळ संपली होती, पुन्हा वाजवणं शक्य नव्हतं. तबकडी तशीच निघाली.

आणि बाईंनी पहिल्यांदा भरभरून लिहिलं. त्यातही नेमकी तीच जागा उचलली. 'संगीतकाराच्या आजवरच्या कामातली सर्वांत सुंदर जागा,' असं.

फौजदाराच्या मनात पाल चुकचुकली. शेकडो जागांमधून हीच कशी सापडली? नक्की आतून कुणीतरी सांगितलं असणार. त्याने क्लॅरिनेटवाल्याला जिन्यात गाठलं, ड्रमवाल्याला खोदून खोदून विचारलं. शेवटी धाकटा जेवायला आला असताना ताटावरच विषय काढला.

"बाईंना कधी भेटलास?"

"कोण बाई?"

"वेड पांघरू नकोस. ती जागा तुझी आहे, हे तूच कळवलंस ना?"

धाकट्याचा घास हातातच राहिला. "दादा, मी कळवलं असतं तर त्यांनी माझं नाव लिहिलं असतं. तुझं नाव छापून आलंय, तरी तुझी पोटदुखी थांबत नाही?"

"अहो, जेवू द्या ना त्याला," बायको म्हणाली. पण धाकटा उठला होता. "वहिनी, भाजी छान झालीय," एवढं म्हणून तो गेला. आठवडाभरात तो बंदराजवळच्या एका हॉटेलात वाजवू लागल्याची बातमी आली.

फौजदाराने थेट बाईंचं घर गाठलं. दार त्यांनीच उघडलं. गुडघ्याला पट्टा, खुर्चीवर मांजर, जमिनीवर तबकड्यांच्या चळती. त्याने बसायच्या आधीच विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"की ती ट्रम्पेटची जागा मी लिहिलेली नाही."

बाईंनी खुर्चीवरचं मांजर खाली उतरवलं. मग सावकाश म्हणाल्या, "आत्ता तुम्ही सांगितलंत."

फौजदार दाराकडे वळला.

"तुमचं संगीत ऐकताना मला नेहमी वाटतं, कुणीतरी मागे उभं राहून माझ्यावर नजर ठेवून आहे," बाई म्हणाल्या. "त्या एका जागी ते माणूस खोलीतून बाहेर गेलं. म्हणून लिहिलं. कुणाची चुगली लागत नाही त्याला. चहा घेणार?"

तो चहा न घेताच निघाला. आता बाई हे छापणार, याची त्याला खात्री होती. पुढचे कित्येक आठवडे तो पेपर शेवटच्या पानापासून उलटा वाचत होता. एक ओळही आली नाही. हे तर त्याला सगळ्यात संशयास्पद वाटलं.

"अहो, एखादं माणूस नुसतंच गप्प बसू शकतं," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "तुम्हाला जमत नाही म्हणून कुणालाच जमत नाही असं नाही."

त्या हिवाळ्यात त्याने एक लांब रचना लिहिली आणि तिच्यात ट्रम्पेटसाठी दोन ओळी कोऱ्या सोडल्या. तालमीत कागद वाटले. नव्या ट्रम्पेटवाल्याने कागद उलटून पाहिला.

"साहेब, इथलं लिहायचं राहिलंय."

"राहिलं नाही. सुचेल ते वाजव."

ट्रम्पेटवाल्याने इतरांकडे पाहिलं. क्लॅरिनेटवाल्याने हळूच मान हलवली: फसू नकोस. कुणाला काढून टाकायचं ते ठरवायला हा डाव टाकलाय, असंच सगळ्यांना वाटत होतं. नव्या वादकाने बेतशीर, सरळसोट काहीतरी वाजवलं. फौजदारानेच लिहिलं असतं तसं. फौजदार कपाळाला हात लावून बसला.

मग तो बंदराजवळच्या हॉटेलात गेला. दुपारची वेळ, टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या, धाकटा कोपऱ्यात ट्रम्पेट पुसत होता. फौजदाराने कागद पुढे केला. माफी मागायची म्हणून आला होता, पण म्हणाला एवढंच, "हे बघ."

धाकट्याने कोऱ्या ओळी पाहिल्या. "यात मेख काय आहे?"

"काही नाही."

"तुझं आणि काही नाही?"

"कार्यक्रमपत्रिकेत तुझं नाव छापतोय," फौजदार म्हणाला. "तालमीला नाही आलास तरी चालेल."

कार्यक्रमाच्या दिवशी धाकटा आला. ती जागा आली, बाकीची वाद्यं थांबली, नुसता खर्जातला डबल बेस उरला. धाकट्याने ट्रम्पेट ओठांना लावलं आणि वाजवलंच नाही. फौजदाराने ओळखलं: भर सभागृहात सूड! क्लॅरिनेटला ती जागा भरायची खूण करायला त्याचा हात अर्धा वर आला. तिथेच थांबला. हात खाली घ्यायला त्याला फार जड गेलं. एवढ्यात ट्रम्पेट लागलं, अगदी खालच्या सुरात.

पुढे त्या रचनेवर पुष्कळ वाद झाले. कुणी लिहिलं, आता कुठे हा माणूस जॅझ करू लागला. कुणी लिहिलं, याची पकड सुटली, म्हातारा झाला. बाईंचा गुडघा दुखत होता. त्या आल्याच नव्हत्या.

त्या संध्याकाळी मात्र पडद्यामागे फौजदार नेहमीप्रमाणे कागद गोळा करत होता. धाकटा ट्रम्पेटमधलं पाणी झटकत म्हणाला, "दादा, मी गप्प होतो तेव्हा काय वाटलं?"

"वाटलं, मुद्दाम करतोयस."

"मुद्दामच केलं. तुझा हात खाली जातो का बघत होतो," धाकटा म्हणाला आणि आपला कागद त्याच्या हातात दिला.