डावीकडची सीट

घराबाहेर पडताना मामा दार ओढून घ्यायचा आणि मग त्याच्यावर बाहेरून तळहाताने दोन थापा मारायचा. रोज. ट्रकच्या क्लीनरच्या भाषेत एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे जाऊ दे. मामी आतून म्हणायची, “झालं, निघालं आपलं घर. मला पुढच्या वळणावर उतरवा.” मामा हसत जिना उतरायचा.

मी शिकायला म्हणून त्या दोघांकडे राहत होते. मामाच्या कामाबद्दल मला जे कळलं ते असं जाता-येता कळलं. गाडी पुसणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे एवढ्या लांब ट्रकची डावी बाजू ड्रायव्हरला नीट दिसत नाही. आरशात येते ती निम्मीशिम्मी. उरलेली क्लीनरने बघायची, खिडकीतून हात बाहेर टाकून दारावर थाप मारायची आणि ड्रायव्हरने त्या थापेवर विश्वास ठेवायचा. मामाची हयात त्या सीटवर गेली. खिडकीवर टेकून टेकून त्याचा डावा हात कोपरापर्यंत उन्हाने काळा झाला होता. उजवा गोरा. “माझे दोन हात दोन घरचे आहेत,” तो म्हणायचा, “पण नांदतात बिचारे.”

उजवीकडच्या सीटवर उस्ताद. मामा त्यांना उस्ताद म्हणायचा म्हणून आम्हीही म्हणायचो. दोघांनी एका केबिनमध्ये इतकी वर्षं काढली होती की भांडणसुद्धा अर्ध्या वाक्यात व्हायचं. उस्ताद गाडी चालवताना गायचे. इंजिन लवकर म्हातारं होण्याचं तेच कारण आहे, असं मामा सगळ्यांना सांगायचा.

गोदामातून माल भरायचा आणि एकाच मालकाच्या दुकानांना पोचवायचा, हे त्यांचं काम. दुकानांच्या मागे अरुंद बोळ असत, तिथे गाडी रिव्हर्स घालावी लागे. दुकानांची खरी नावं दोघांनाही आठवायची नाहीत. त्यांची आपली नावं होती: कालव्याचं दुकान, उताराचं दुकान, कबुतरांचं दुकान.

मग कंपनीत नवा मॅनेजर आला. वयाने माझ्याहून थोडासाच मोठा, हळू बोलणारा, स्वतःची पाण्याची बाटली स्वतः धुणारा. आल्याआल्या तो बरेच दिवस ट्रकमधून, मामा आणि उस्ताद यांच्या मधे बसून फिरला. त्याने माल भरायचा क्रम उलटा केला. शेवटच्या दुकानाचा माल सगळ्यात आत, पहिल्याचा दाराशी. प्रत्येक दुकानाला वेळ ठरवून दिली, म्हणजे चार गाड्या एकाच बोळात एकमेकींची तोंडं बघत उभ्या राहणार नाहीत. मालाची तूटफूट कमी झाली. दुकानांतली रिकामी फडताळं दिसेनाशी झाली. उस्ताद रोज घरी जेवायला लागले आणि त्यांच्या बायकोने मॅनेजरला दुवा दिला. मामासुद्धा म्हणाला, “पोरगा हुशार आहे. नुसता कागदावरचा नाही.”

त्याच पोराने गाड्यांच्या डाव्या बाजूला सेन्सर बसवले. काही जवळ आलं की केबिनमध्ये पीप-पीप वाजायचं. समोरच्या काचेवर कॅमेरा आला. ड्रायव्हरच्या पापण्या जड झाल्या की तो शिट्टी मारायचा. केबिनमध्ये माणसं किती तेही मोजायचा, कारण वाटेत कुणाला बसवून घ्यायला आता सक्त मनाई होती. आणि क्लीनर लागेनासे झाले.

मामाला काढलं नाही. गोदामात लेबलं चिकटवायचं काम दिलं. थोडे दिवस गेला, मग घरी बसला. “भिंतीकडे तोंड करून दिवसभर उभं राहायचं,” तो म्हणाला. “माणूस कुठे पोचतच नाही.”

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी हात नसलेली एक लाकडी खुर्ची होती. मामा तीत बसू लागला, खिडकी डाव्या हाताला येईल अशी. मामी आतल्या खोलीत शिवणाच्या मशीनवर बसायची. सकाळचं ऊन समोरच्या इमारतीवर पडायचं, आमच्या खिडकीत कधीच नाही.

पहिल्यांदा मीच पाहिलं. मामाचा हात खिडकीबाहेर होता, मान डाव्या खांद्यावरून मागे वळलेली, डोळे उघडे. श्वास चालू होता, पण त्या खोलीत तो नव्हता. याहून नीट मला सांगता येत नाही. रिकाम्या खोलीत पाय टाकल्यावर जसं कळतं, तसं मला कळलं. मी हाक मारली. तो पुटपुटत होता, “येऊ दे... येऊ दे...” मग त्याने खिडकीखालच्या भिंतीवर एक थाप मारली आणि डोळे मिचकावून माझ्याकडे बघितलं.

“कुठे होतास रे मामा?”

“कालव्याच्या दुकानात. कुणी शहाण्याने मागे पाण्याचा ड्रम ठेवलाय.”

मामी आतून म्हणाली, “निवृत्त माणसाने देवळात जावं, पार्कात जावं. हे बोळात जातात.”

आम्ही हसलो. मग ते रोजचं झालं. गाडीची बोळात शिरायची वेळ झाली की मामा जायचा आणि यायचा. आल्यावर तहान लागलेली असायची.

एका सुट्टीच्या दिवशी उस्ताद आले. एरवी जिन्यातूनच आरोळी द्यायचे, त्या दिवशी गुपचूप येऊन बसले. बसताना मामाच्या उजव्या बाजूला बसले.

“कॅमेरा माझ्या मागे लागलाय,” ते म्हणाले. “केबिनमध्ये दोन माणसं आहेत म्हणतो.”

“आणि?” मामीने विचारलं.

“मी एकटा असतो, वहिनी. साहेबांनी फोटो दाखवला. माझ्या तोंडाभोवती हिरवी चौकट. शेजारच्या सीटवर कुणी नाही, पण चौकट आहे. तोंड असावं तिथेच. मोठाच माणूस असावा एवढी. कॅमेरा बदलला. नव्यानेही तेच.”

“बिघडलेला असेल.”

“बाकी गाड्यांत बिघडत नाही. दोन ताकिदी झाल्या. तिसऱ्या ताकिदीला गाडीवरून उतरवतात, सगळ्यांना एकच नियम. साहेब म्हणाले, मी कळवतो वर, पण मोजणी मशिनची असते.” उस्ताद जमिनीकडे बघत होते. “या वयात मला कोण गाडी देणार?”

मग त्यांनी मामाकडे न बघता म्हटलं, “त्या दिवशी कालव्याच्या दुकानामागे ड्रम होता. सेन्सर वाजला, पण त्याआधी दारावर थाप पडली. मी ब्रेक थापेवर मारला.”

मामीने माझ्याकडे बघितलं.

“तू येऊ नकोस रे आता,” उस्ताद म्हणाले.

“मी कुठे येतो, उस्ताद? इथेच असतो. विचारा हिला.”

“ते मला ठाऊक आहे. तरी येऊ नकोस.”

मामाने बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघितलं. “बरं,” तो म्हणाला.

त्याने खरंच मनावर घेतलं. खुर्ची फिरवली, डावी बाजू भिंतीला लावली. सकाळी बसेचना. मामीच्या शिवणाचे धागे ओढायचा, भांडी घासायचा, माझ्याशी उगाच वाद घालायचा. “भांड माझ्याशी पोरी,” म्हणायचा, “गप्प बसू देऊ नकोस.” मी राजकारणावर भांडायचे, तो माझ्या स्वयंपाकावर. डुलकी लागतेय असं वाटलं की उठून तोंड धुवायचा. उस्तादांचा फोन आला, कॅमेरा गप्प आहे. मामी खूश झाली.

एका दुपारी ती त्याच्या बाहीचं माप घेत होती. टेप हातात धरूनच ती थांबली.

“अहो, तुमचा हात उजळलाय.”

उजळला होता. दोन्ही हात एकसारखे दिसायला लागले होते. तेव्हा आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं की काम सुटून घरात बसल्यावर तो केव्हाच उजळायला हवा होता. पण उस्ताद येऊन गेले त्या दिवसापर्यंत तो काळाच होता. आमच्या त्या बिनउन्हाच्या खिडकीत. मामीने टेप गुंडाळून ठेवली. माप घेतलं नाही.

त्यानंतर एका सकाळी मामा मामीला कापड धरून देत होता. ती कात्री चालवत होती. मी दारात चपला घालत होते. मामाच्या हातातून कापड सुटलं आणि त्याचा डावा हात आपोआप वर येऊ लागला.

“बसू नका,” मामी म्हणाली. तिने कात्री टाकून त्याचा हात धरला. “बोला काहीतरी. हिच्याशी बोला.”

“कालव्याच्या दुकानात मागे घेतायत,” मामा म्हणाला. त्याचा आवाज साधा होता. “सेन्सर मेलाय. वाजत नाहीये.”

“तुम्हाला काय माहीत?”

“नाही वाजत, अगं. आणि तिथे माणूस आहे.”

मी उस्तादांना फोन लावला. गाडी चालू असताना त्यांचा फोन बंद असायचा, तोही नियमच. बंदच होता.

“भाऊजींची नोकरी जाईल,” मामी म्हणाली.

“हो.”

मामी त्याचा हात तसाच धरून उभी होती. मला मशीनवरचा दिवा दिसत होता, कापडावरची खडूची रेघ दिसत होती. मग तिने हात सोडला. खुर्ची ओढून खिडकीपाशी नीट लावली, पूर्वीसारखी.

“जाऊन या,” ती म्हणाली.

मामा बसला आणि गेला. मी माणूस जाताना पाहिला तो तेव्हा. छातीचा भाता चालू होता, डोळे उघडे होते, आणि खुर्ची रिकामी होती. त्याने भिंतीवर एकच थाप मारली. इतक्या जोरात की पोपडा पडला.

मॅनेजर दुसऱ्या दिवशी घरी आला. बरोबर उस्ताद होते, परीक्षेत नापास झाल्यासारखा चेहरा करून. मॅनेजरने बूट बाहेर काढले, नीट जोडून ठेवले. माल गुंडाळायच्या प्लॅस्टिकचा एक तुकडा उडून सेन्सरवर चिकटला होता, त्याने सांगितलं. दुकानातला एक माणूस मागच्या चाकापाशी उकिडवा बसून खोक्यांच्या पट्ट्या कापत होता. गाडी त्याच्यापासून हातभरावर थांबली.

“आता प्रत्येक थांब्यावर सेन्सर पुसायला सांगितलंय,” तो म्हणाला.

“पुसायलाच हवेत,” मामा म्हणाला. “आम्हीही डोळे चोळायचो.”

“काका, तो माणूस म्हणतो की डावीकडच्या माणसाने दारावर थाप मारली म्हणून त्याने वर बघितलं. खिडकीतून हात बाहेर होता म्हणतो. काळा, कोपरापर्यंत. कॅमेऱ्यानेही दोन माणसं मोजलीत.” त्याने घसा साफ केला. “तुम्ही काल गाडीत होतात का? असाल तर मी रागावणार नाही.”

“ते इथे होते,” मामी म्हणाली. “मी हात धरला होता त्यांचा.”

“मग तिथे कोण होतं, काकू?”

“तेच.”

मॅनेजरची नजर मामाच्या हातावर गेली. हात पुन्हा काळा झाला होता, एका दिवसात.

“उस्तादांना मी उतरवणार नाही,” तो शेवटी म्हणाला. “माणूस वाचलाय. पण मोजणीचं काहीतरी करायला हवं.” बोलता बोलता त्याला सुचलं आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. “डावीकडची सीटच काढून टाकू. सगळ्याच गाड्यांची. तशीही रिकामी जाते. तिथे परत आलेल्या मालाचे क्रेट बसतील, वेगळी फेरी वाचेल. सीटच नाही म्हटल्यावर कॅमेरा एकच माणूस मोजेल.”

मामीने सुस्कारा टाकला. चांगला मार्ग होता, कुणाचंच नुकसान नव्हतं. उस्ताद मात्र मामाकडे बघत राहिले.

“बरोबर आहे,” मामा म्हणाला. “जागा वाया कशाला घालवायची. आधी कुठल्या गाडीची काढणार?”

“तुमच्याच, काका. सोमवारी सकाळी.”

सोमवारी मी कॉलेजला गेले होते. मामी आत मशीनवर होती. तिने सांगितलं की खूप वेळ बाहेरून काही आवाज नाही म्हणून ती उठून आली, तर मामा खुर्चीवर नव्हता, खाली होता. पडलेला म्हणता येणार नाही, अलगद बसवल्यासारखा, पाय लांब करून, पाठ भिंतीला. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं, फारसा त्रास झाला नाही म्हणाले.

उस्ताद दुपारी आले. ते त्या वेळी वर्कशॉपमध्येच उभे होते. सगळे बोल्ट निघाले होते तरी सीट उचलली जाईना, ते म्हणाले. फिटर दोघं होते, तिसरा आला. गंज धरला असेल म्हणून खालून ठोकून बघितलं. उस्ताद पुढे झाले आणि सीटच्या पाठीवर हात ठेवून, सगळ्यांसमोर, “उतर लेका आता,” म्हणाले. मग ती एकदम हलकी झाली, एका माणसाने उचलून बाहेर ठेवली.

त्यांनी मामीला विचारलं, सकाळी काही बोलला का. मामीला वाटलं की काही खास बोलला असता तर तिला आठवलं असतं. सकाळी तिने चहा केला होता आणि दारात येऊन विचारलं होतं, आणू का. तो खुर्चीवर बसून शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत दुमडत होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, “माझा झाकून ठेव. आल्यावर घेतो.”