निळ्या टोपीची मावशी

लेक दूर ॲन आर्बरच्या कॉलेजात शिकायला जाणार होती. त्याआधीच्या शनिवारी मी तिला म्हटलं, सामान नंतर भर, आधी चित्रांच्या गॅलरीत जाऊन सगळ्यांचा निरोप घेऊ. तिने फोनमधून मान वर केली नाही, पण मुकाट्याने गाडीत येऊन बसली. येणार याची मला खात्री होतीच. भीती होती ती वेगळी. एकदा गेली की ही पुढे घरी येईल ती पाहुणी म्हणूनच, असं मला वाटत होतं, आणि हे मी कोणाजवळ बोलले नव्हते.

वॉशिंग्टनची ती गॅलरी सरकारी, तिकीट नाही. घरून, म्हणजे अ‍ॅशबर्नहून, आम्ही तिथे वर्षानुवर्षं जातो, तेही फक्त इंग्रजांची चित्रं आणि पुतळे बघायला. फ्रेंच दालनात लोक चित्राकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत असतात. कानाला यंत्र लावून चित्र ऐकणंही मला जमत नाही. चित्रासमोर उभं राहावं आणि गप्पा माराव्यात. माझी आवड ही अशी आहे, आणि ती बदलायचं मला काही कारण दिसत नाही.

लेक लहान असताना भिंतीवरच्या बायकांकडे बोट दाखवून 'हू इज शी?' विचारायची. मोठ्या माणसांना नात्याने हाक मारायची, हे वळण मला लावायचं होतं. म्हणून निळ्या टोपीची ती झाली मावशी. घोड्याशेजारचा लाल कोटवाला झाला काका. आणि तळमजल्यावरची ब्राँझची, पोटाला आरपार भोक असलेली, कधीही जा आडवीच पडलेली, ती काकू. आमच्या खऱ्या नात्यातही अशी एक आहे, पण ते असो.

पुढे बालवाडीत लेकीने सांगितलं, माझी मावशी वॉशिंग्टनला मोठ्या पांढऱ्या घरात राहते, तिच्याजवळ पोलीस उभे असतात आणि तिला कोणी हात लावायचा नाही. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, तुमची बहीण सुखरूप आहे ना? मला बहीणच नाही. मी हसू दाबून सगळं समजावलं, त्यांना कितपत पटलं कोण जाणे. नाती मात्र मी परत घेतली नाहीत. इथे रक्ताचं कोणी जवळ नाही. मुलीला मावशी हवी, मग भिंतीवरची का नको?

त्या शनिवारी काकू नेहमीसारखी पहुडलेली होती. वर काकाही घोड्याला धरून उभा होता. मावशीच्या जागी मात्र मोकळी भिंत, आणि एक छोटी पाटी. प्रदर्शनासाठी चित्र लंडनला पाठवलंय, पुढच्या उन्हाळ्यात परत येईल.

मी लेकीकडे पाहिलं. इतकी उंच मुलगी, पण चेहरा बालवाडीतला झाला होता. "आय वॉन्टेड टू से बाय," ती म्हणाली.

"माहेरी गेलीय," मी म्हटलं. "येईल परत."

तिने माहेर म्हणजे काय ते विचारलं. शब्द तिने शंभरदा ऐकला असेल, पण कधी कामाला आला नव्हता. मी सांगितलं, बाई आपल्या घरी कितीही कामात असो, माहेरी गेली की पाय पसरून बसते, आयतं जेवते, आणि निघताना पिशव्या भरून नेते. तिथे ती पाहुणी नसते. मोकळ्या भिंतीसमोर आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. तिथला पहारेकरी आमच्याकडे जरा संशयानेच बघत होता.

बाहेर पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "मग थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी येईन, दॅट्स माहेर, राइट?"

"हो."

"आणि सकाळी मला कोणी उठवणार नाही?"

"हवं तर काकूसारखी दिवसभर आडवी पड," मी म्हटलं, आणि किल्ली हातात तशीच धरून डोळे पुसले. तिने माझ्या हातातून गाडीची किल्ली घेतली आणि घरापर्यंत तीच ड्राइव्ह करत आली.