सहा खाटांच्या खोलीतला आवाज

कोरियातल्या आमच्या कुनसान बंदरात चौतीस वर्षं खानावळ चालवून एकदाही चूल न पेटवलेला माणूस एकच, टाक पानसोक, आमचे दादा. माशाचं सार करायच्या त्या त्यांच्या बायको, बोंगरेवहिनी. दादा गल्ल्यावर बसून हवामान, सरकार आणि मीठ या तीन विषयांवर मतं द्यायचे. सारात मीठ कमी आहे असं ते रोज म्हणायचे, आणि वहिनी रोज त्यांच्या वाडग्यात गरम पाणी ओतून ते आणखी कमी करायच्या. माझं जाळ्यांचं दुकान शेजारीच, त्यामुळे हे नाटक मी वीस वर्षं फुकटात पाहिलं.

मग एका शरदात वहिनींच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी अख्खं जठर काढून टाकलं. प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर चाखून पाहणाऱ्या बाईचं जठर!

आमच्याकडे दवाखान्यात रोग्यापाशी घरचं माणूस राहावंच लागतं. खाटेखाली एक बुटका बाक असतो, तो ओढायचा आणि त्यावर झोपायचं. लेक मिओक दूर बुसानला, पदरी तान्ही जुळी. म्हणून बाकावर दादा आले. बायकांची सहा खाटांची खोली. पाच खाटांपाशी सुना, लेकी, बहिणी. सहावीपाशी हा दांडगा गडी, गुडघ्यापासून पुढचे पाय बाकाबाहेर.

पहिल्याच सकाळी शेजारच्या आजींची सून म्हणाली, "काका, तुमचं घोरणं ऐकून सासूबाईंना वाटलं, बोट लागली धक्क्याला."

"मग चढायचं होतं आजी!"

"चढले असते," आजी खाटेवरून म्हणाल्या, "पण खलाशी बघितला आणि बेत रद्द केला."

त्या पाचजणींनी दादांना माणसात आणलं. ओल्या कापसानं ओठ कसे पुसायचे, सलाइनचा खांब एका हाती आणि बायको दुसऱ्या हाती धरून कसं चालायचं, सगळं शिकवलं. रोज वहिनींना घेऊन ते व्हरांड्यात फेऱ्या मारत. कारण पोटाचं ऑपरेशन झालं की वारा सरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही, हा तिथला कायदा. रोज सकाळी डॉक्टर गंभीरपणे विचारत, "सरला का?" आणि सहाही खाटा कान टवकारत. एखादीचा सरला की खोलीत लेकीचं लग्न ठरल्यासारखा आनंद. वहिनींचा काही सरेना. चौथ्या दिवशी त्यांची जीभ टाळ्याला चिकटत होती.

त्या दिवशी मी नाशपाती घेऊन गेलो होतो. आजींच्या सुनेनं दादांना उकडलेली रताळी खाऊ घातली होती, चांगली चार. वहिनींची सपात सरकवायला दादा खाटेखाली वाकले, आणि आवाज झाला. लपवता न येणारा.

"सरला!" आजी ओरडल्या. "बोंगरेचा सरला!"

पाचही बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नर्स धावत आली, तिनं कागदावर लिहून घेतलं. दादा लालबुंद होऊन उभे राहिले; मला वाटलं, आनंदानं. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. कुणीच काही बोललं नाही, म्हणजे ज्या दोघांनी बोलायला हवं होतं ते.

आधी पाणी आलं. मग तांदळाची पातळ पेज. वहिनींनी तीन चमचे घेतले. चमचा दादांच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं ताणलं. उलट्या झाल्या, नाकातून नळी घातली, पाणीसुद्धा बंद. दादांनी मला जिन्यात ओढलं.

"माझा होता रे तो."

मला हसू फुटलं. इतकं वाईट हसू मला आयुष्यात आलेलं नाही.

"हसू नकोस. मी मारली तिला. पाच बायकांपुढे लाज वाटली म्हणून मारली."

त्यांना मीच डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजोबा, आतडं अजून जागं झालेलं नाही. तीन चमच्यांनी एवढं होत नाही, हे तसंही झालंच असतं." दादांनी मान हलवली, पण पटलं नाही. ते खोलीत गेले, बाकावर बसले आणि वहिनींना सांगून टाकलं.

नाकातल्या नळीमुळे वहिनींचा आवाज बसका येत होता. "मिओकचे बाबा, चाळीस वर्षं शेजारी झोपलेय. तुमचा आवाज मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. तुमचं तोंड असं झालेलं. तिथे काय बोलायचं?" ओठांवरून जीभ फिरवत त्या म्हणाल्या, "आणि तहान लागली होती हो."

दादा बाकावर तोंड झाकून रडले. आजींनी भिंतीकडे तोंड केलं.

नवव्या दिवशी दुपारी, पाचहीजणी जेवायला गेल्या असताना, एक बारीकसा आवाज झाला. दादांनी श्वास रोखून विचारलं, "तू का मी?"

"या वेळी मी. पण हवा असेल तर तुम्ही घ्या."

वहिनी हसल्या आणि टाके ओढले म्हणून कळवळल्या. दादा नर्सकडे गेले आणि न्यायालयात साक्ष द्यावी तसे म्हणाले, "तिचाच आहे. मी आज काही खाल्लेलं नाही."

वहिनी घरी आल्या. दिवसातून सहा वेळा, वाटीभर. दादा साठाव्या वर्षी चूल पेटवायला शिकले. पेज करायचे ती खानावळीच्या हंड्यात, उरलेली सगळ्या गल्लीला वाटायचे. अळणी असायची. "मीठ कमी आहे," वहिनी म्हणायच्या, आणि दोन चमचे जास्त घ्यायच्या. गाठ पुन्हा आली ती पुढच्या शरदात. या खेपेला डॉक्टरांनी पोट उघडलंच नाही.

आता वहिनींच्या श्राद्धाला मिओक येते. मासा, फळं, भात रीतीप्रमाणे मांडायला घेते. दादा तिला थांबवतात. पान मांडायच्या आधी ते एक वाडगा भरून पाणी ठेवतात आणि हात मागे बांधून बराच वेळ उभे राहतात. मिओक एकदा म्हणाली, "बाबा, पाणी शेवटी ठेवायचं असतं."

"तिला आधी लागतं," दादा म्हणाले.